घरासमोरचा भिंतीचा तुकडा

आदरणीय ताई,

जय ख्रिस्त. गेली दोन वर्षं आमच्या शहराचं ओझं माझ्या मनावर आहे. रात्री दोन-तीनला जाग येते. खिडकीतून दूरवर दिवे दिसतात आणि वाटतं, इतक्या दिव्यांखाली इतकी माणसं, यांतल्या किती जणांना देवाची आठवण असेल? पैशाचा हव्यास, नशा, मोडलेले संसार, माणसामाणसांतला द्वेष. आमच्या मंडळ्यांतही रविवारची उपासना संपली की सगळं संपतं. आम्ही सात-आठ जण दर शुक्रवारी रात्री नगरासाठी मध्यस्थीची प्रार्थना करतो. शहराच्या पापांची एक यादी केली आहे, ती दर आठवड्याला देवापुढे मांडतो. पाळकसाहेबांना बोलावलं, तर म्हणाले, "आधी आपापली घरं सांभाळा, शहराचं देव बघेल." ते मला फार लागलं. त्याहून जास्त लागलं ते माझ्या 19 वर्षांच्या मुलाचं बोलणं. परवा जेवताना तो म्हणाला, "आई, तुला या शहराची काळजी नाहीये. तुला या शहराचा राग आहे."

ताई, हे ओझं देवाकडून आहे की माझ्या मनाचा खेळ? आणि देवाकडून असेल, तर माझ्यासारख्या सामान्य बाईने एवढ्या मोठ्या शहरासाठी करायचं तरी काय?

– एक व्याकूळ बहीण


प्रिय भगिनी,

जय ख्रिस्त. तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुमच्या मुलाच्या वाक्यापाशी अडखळले. त्याच्याकडे येऊच. आधी तुमचा पहिला प्रश्न, कारण तुमची झोप त्याने उडवली आहे.

ओझं खरं आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात प्रभू येशू यरुशलेमजवळ येतो, शहर दृष्टीस पडतं आणि त्याला रडू फुटतं. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशीही तो रडला होता, पण मूळ ग्रीकमध्ये तिथला शब्द आसवं गाळण्याचा आहे आणि इथला शब्द मोठ्याने, आवाज करून रडण्याचा आहे. भोवती लोक वाटेवर वस्त्रं पसरत होते, जयजयकार चालला होता आणि त्या गर्दीच्या मध्ये हा एकटा रडत होता. म्हणून सगळे आपापल्या आनंदात असताना एखाद्या बाईचं काळीज शहरासाठी तुटत असेल, तर तिला वेड लागलंय असं मी म्हणणार नाही. फक्त एक गोष्ट बघा. तो शहराविषयी कुणाकडे तक्रार करत नाही. तो शहराशी बोलतो. 'तुझ्या शांतीच्या गोष्टी तुला कळत्या तर' असं, आई लेकराशी बोलावं तसं बोलतो.

शहराकडे बघत बसलेला आणखी एक माणूस शास्त्रात आहे. योना. 40 दिवसांनी निनवे उलथून पडणार असं त्याने सांगितलं, लोकांनी ते ऐकलं, राजापासून रंकापर्यंत सगळ्यांनी तरट नेसलं आणि देवाने अरिष्ट टाळलं. इतकं यश फार कमी संदेष्ट्यांच्या वाट्याला आलं, आणि योना मात्र संतापला. शहराच्या पूर्वेला मांडव घालून सावलीत बसला, आता या शहराचं काय होतं ते बघायला. दोघेही शहराबाहेर, दोघांचीही नजर शहरावर. एकाचं मन शहर वाचावं म्हणून तुटतंय, दुसऱ्याला ते वाचलं याचाच राग आलाय. शहरासाठी प्रार्थना करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनात हे दोघेही राहतात, कधी कधी एकाच प्रार्थनेत. म्हणून तुमच्या मुलाचं बोलणं मी उडवून लावणार नाही. तुमचे अश्रू त्याने पाहिले नसतील, पण जेवताना तुम्ही शहराविषयी कोणत्या सुरात बोलता ते त्याने ऐकलं आहे.

माझंच सांगते. एका इमारतीत आम्ही 11 वर्षं राहिलो. त्यातली बरीच वर्षं मी दर आठवड्याला शहरासाठीच्या प्रार्थनेला जात होते आणि मनापासून जात होते, ते ढोंग नव्हतं. एका सकाळी वरच्या मजल्यावरून रडण्याचा आवाज आला. तिथले गृहस्थ रात्री वारले होते. मी जिना चढून दाराशी उभी राहिले आणि त्यांच्या बायकोला काय म्हणून हाक मारावी हेच मला ठाऊक नव्हतं. आडनाव दारावरच्या पाटीवरून वाचलं. नंतर कळलं की ते आठ महिने अंथरुणाला खिळून होते. माझ्या डोक्यावरच्या छतापलीकडे. त्या आठ महिन्यांत शहराच्या आत्मिक अंधारासाठी मी किती वेळा कळवळून प्रार्थना केली होती! त्या दिवशी त्या दाराशी मला जे वाटलं, ते अजून पुरतं गेलेलं नाही.

त्यानंतर मी नहेम्याचं पुस्तक नव्याने वाचायला घेतलं. तुमच्या गटाने यातले पहिले तीन अध्याय एकत्र बसून सावकाश वाचावेत, ही माझी विनंती आहे. नहेम्या यरुशलेमपासून फार दूर, शूशन राजवाड्यात राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा सेवक. यरुशलेमची भिंत पडली आहे, वेशी जळाल्या आहेत, हे ऐकून तो खाली बसून रडतो आणि उपास करतो. किसलेव महिन्यात ही बातमी आली आणि राजापुढे तो तोंड उघडतो ते नीसान महिन्यात. म्हणजे जवळपास चार महिने त्याने ते ओझं फक्त देवापाशी बोलून दाखवलं. आणि त्या प्रार्थनेत तो म्हणतो काय? 'आम्ही पाप केलं आहे. मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने पाप केलं आहे.' तो तर त्या शहरात राहतही नव्हता. 'त्या लोकांनी स्वतःची दशा करून घेतली' असं तो सहज म्हणू शकला असता.

आता तुमची यादी समोर घ्या. तिच्यात 'आम्ही' हा शब्द किती वेळा येतो ते बघा. आणखीही एक बघा. देवाने नष्ट केलेलं सदोम शहर म्हटलं की आपल्या मनात एकच, लैंगिक पाप येतं, पण यहेज्केलाच्या 16व्या अध्यायात देव सदोमेचं पाप सांगतो ते असं: गर्व, पोटभर अन्न, निर्धास्त सुख, आणि एवढं असूनही दीनदुबळ्यांना हात दिला नाही. हे तुमच्या यादीत आहे का? शहराच्या पापांच्या याद्या करताना आपली पापं बाहेर राहतील अशा बेताने आपण रेघ ओढतो. मीही ओढली आहे.

यादी हातात धरून शहर शुद्ध करायला निघालेली माणसं इतिहासात आहेत. फ्लॉरेन्समध्ये साव्होनारोला नावाचा धर्मोपदेशक होता. त्याची तळमळ खरी होती, गरिबांची कणवही खरी होती. त्याच्या सांगण्यावरून मुलं घरोघर जाऊन आरसे, दागिने, चित्रं, पत्त्यांचे जोड गोळा करत आणि 7 फेब्रुवारी 1497 रोजी भर चौकात त्यांची होळी पेटली. पुढच्याच वर्षी, 23 मे 1498 रोजी, त्याच चौकात त्याला फाशी देऊन त्याचा देह जाळला. त्याच्याशी जे झालं ते क्रूर होतं, त्याचं समर्थन कुणी करू नये. पण ती होळी मला अस्वस्थ करते. लोकांच्या घरातल्या वस्तू चौकात आल्या. माणसांची मनं बदलायला ती होळी पुरेशी ठरली नाही.

नहेम्याने वेगळं केलं. यरुशलेमला पोचल्यावर तीन दिवस तो गप्प राहिला. मग रात्री थोडी माणसं आणि एकच जनावर घेऊन बाहेर पडला. उकिरड्याच्या वेशीकडे गेला, भिंत कुठे किती पडली आहे ते बघितलं. एके ठिकाणी ढिगारा इतका होता की जनावराला पुढे जायला वाट नव्हती. हे सगळं बघून झाल्यावर तो लोकांशी बोलला, आणि बोलताना पुन्हा 'आपण' म्हणाला: आपण कोणत्या दुर्दशेत आहोत ते तुम्ही पाहताच, चला, भिंत बांधू.

तिसरा अध्याय बहुतेक लोक नावांची जंत्री म्हणून ओलांडून जातात. मला तो सगळ्या पुस्तकात प्रिय आहे. भिंत कोणी बांधली? याजकांनी, सोनारांनी, सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी, एका अधिकाऱ्याने आपल्या मुलींना बरोबर घेऊन. तकोवाच्या सरदारांनी कामाला खांदा दिला नाही, हेही त्यात प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. आणि त्या अध्यायात एक गोष्ट परत परत येते: 'आपल्या घरासमोर'. यदायाने आपल्या घरासमोरची भिंत बांधली. बन्यामीन आणि हश्शूब यांनी आपल्या घरासमोरची. मशुल्लामाने आपल्या खोलीसमोरची. त्याच्या नावापुढे घर नाही, खोली आहे. त्या खोलीसमोर भिंतीचा जेवढा तुकडा येत होता, तेवढा त्याने बांधला. अख्खी भिंत 52 दिवसांत उभी राहिली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे, भगिनी. एवढ्या मोठ्या शहराचं तुम्ही काही करायचं नाही. तुमच्या घरासमोर जेवढा तुकडा येतो, तेवढा तुमचा.

आता जरा व्यवहाराचं. यादी फाडू नका, पण तीन महिने बाजूला ठेवा. तेवढ्या काळात गटातल्या प्रत्येकाने आपापला तुकडा ठरवावा: एक जिना, एक गल्ली, कामाच्या जागेचा एक मजला. तिथे कोण राहतं, रात्रपाळीला कोण जातं, कोण आजारी आहे, कुणाकडे महिनोन्महिने कुणीच येत नाही, हे आधी बघा आणि ऐका. मग शुक्रवारी त्या माणसांसाठी नाव घेऊन प्रार्थना करा. गटात त्यांच्या घरातल्या गोष्टी मात्र बोलू नका. कुणाचं दुःख प्रार्थनेचा विषय म्हणून दहा तोंडी झालं की ती चहाडीच होते.

आणि ही माणसं म्हणजे सावज नव्हेत. मैत्री हे आमिष नव्हे. सुवार्तेची मला लाज नाही, कुणी विचारलं तर आपल्या आशेचं कारण सौम्यतेने आणि आदराने सांगा असं पेत्राने लिहिलंच आहे. पण समोरच्याने कधीच विचारलं नाही, त्याला आपल्या श्रद्धेत रस नसला, तो स्वतःच्या धर्मात निष्ठेने राहणारा असला, तरी त्याच्या आजारपणात तुम्ही तशाच जाल ना? तिथे मन थोडंही कचरलं, तर तो योनाचा मांडव आहे असं समजा आणि उठून बाहेर या.

प्रेषित पौलाचाही आत्मा शहर बघून खवळला होता. अथेनैमध्ये मूर्तींनी भरलेलं नगर पाहून त्याची तगमग झाली, हे प्रेषितांच्या कृत्यांत स्पष्ट लिहिलंय. पण त्या तगमगीचं त्याने काय केलं? रोज बाजारात जो भेटेल त्याच्याशी बोलला. अरीयपग या तिथल्या सभेत उभं राहिल्यावर आपण शहरात फिरताना काय काय पाहिलं तिथून सुरुवात केली, त्यांच्याच कवींचे शब्द आदराने घेतले. काहींनी थट्टा केली, थोड्यांनी विश्वास ठेवला. त्यातली दोन नावं लूकने लिहून ठेवली आहेत, दिओनुस्य आणि दामारी. बस. तिथून तो करिंथात गेला, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू करण्याचा धंदा करू लागला, आणि तिथे तो घाबरलेला होता. एका रात्री दृष्टान्तात प्रभू त्याला म्हणाला: भिऊ नको, बोलत राहा, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत.

करिंथाची स्वैराचाराची ख्याती तुम्हाला ठाऊक आहे. त्या शहराविषयी देव म्हणतो, इथे माझे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बहुतेक अजून पौलाला भेटलेलेही नव्हते. खिडकीतून ते दिवे बघून 'यांतल्या किती जणांना देवाची आठवण असेल' असं तुम्ही विचारता. देवाला त्यांच्यातल्या प्रत्येकाची आठवण आहे, हे आधी धरा. शहराला देवाकडे न्यायचं काम तुमच्या डोक्यावर नाही, तो तिथे तुमच्या आधीपासून आहे. तुमचं शहर मेलेलं आहे असं धरून चालू नका. ते तुम्हाला ठाऊक नाही. पौल त्या दृष्टान्तानंतर तिथे दीड वर्ष राहिला.

दीड वर्षही थोडंच म्हणायचं. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलातल्या यहूदी बंदिवानांना पत्र लिहिलं ते आठवा. ज्या शहराने त्यांना घरादारातून उपटून नेलं, त्याच शहराचं हित चिंता, त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे, असं त्यात आहे. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळं पालटेल. लोकांना हनन्या आवडला असणार. यिर्मया म्हणाला, 70 वर्षं. म्हणजे ते पत्र हातात घेऊन वाचणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांना फळ दिसणार नव्हतं. तरी प्रार्थना करायचीच होती. 'या वर्षी आपलं शहर हलणार' अशी घोषणा तुमच्या गटात कुणी केली, तर हनन्याची आठवण ठेवा.

कधी लवकरही होतं. जेरेमाया लॅनफियर नावाच्या एका साध्या व्यापारी माणसाला 1857 साली न्यूयॉर्कमधल्या एका मंडळीने नगरसेवेसाठी नेमलं. सुरुवातीला तो नुसता दारोदार फिरत होता, हाती फारसं काही येत नव्हतं. मग त्याने भर दुपारी कामाच्या लोकांसाठी तासाभराची प्रार्थना ठेवली. 23 सप्टेंबरला पहिला अर्धा तास तो एकटाच बसून होता. तास संपेपर्यंत एकूण सहा जण जमले. पुढे शहरात आर्थिक संकट कोसळलं आणि दुपारच्या प्रार्थनासभांचं लोण इतर शहरांतही गेलं. ही जागृतीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, पण मला त्यातला तो पहिला अर्धा तास महत्त्वाचा वाटतो. आणि त्याआधीची ती दारं.

पाळकसाहेबांविषयी. "शहराचं देव बघेल" हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही. यिर्मयाचं पत्र वाचलेल्या माणसाला असं म्हणता येणार नाही. पण "आधी आपापली घरं" यात तथ्य आहे. यहेज्केलाच्या 9व्या अध्यायात नगरातल्या अमंगळ गोष्टींमुळे उसासे टाकणाऱ्यांच्या कपाळावर चिन्ह करायला देव सांगतो, म्हणजे तुमच्यासारख्यांच्या. आणि लगेच पुढे म्हणतो, न्याय माझ्या पवित्रस्थानापासून सुरू करा. आपल्या मंडळीतली वर्षानुवर्षांची भांडणं, मालमत्तेचे वाद, एका बाकावर बसून एकमेकांशी न बोलणारी कुटुंबं, हे सगळं शहराला दिसतं. पाळकसाहेबांकडे पुन्हा जा, पण गट घेऊन नको, एकटीच जा, आणि निमंत्रण द्यायला नको, ऐकायला जा. आपल्या उपासनामंदिराच्या आसपासच्या चार रस्त्यांत काय चाललंय, ते त्यांना विचारा. त्यांना स्वतःला कसं वाटतंय, हेही विचारा. पाळक फार थकलेले असतात आणि त्यांना हे कुणी विचारत नाही. तुमचा गट त्यांच्या पाठीमागे दुसरी मंडळी बनला, तर पडलेल्या भिंतीत आणखी एक खिंडार पडेल.

आता रात्रीचं. स्तोत्र 127 तुम्हाला पाठ असेल: परमेश्वर नगर रक्षत नसेल, तर पहारेकऱ्याचं जागणं व्यर्थ. त्याच स्तोत्राच्या पुढच्याच ओवीत तो आपल्या प्रियजनांना झोप देतो असं आहे. दोन-तीनला जाग आली तर वरच्या किंवा खालच्या मजल्यावरचं एक नाव घ्या, त्याच्यासाठी दोन वाक्यं बोला आणि कूस बदलून झोपा. तरीही महिनोन्महिने झोप येत नसेल, भूक मंदावली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. देवाने दिलेलं ओझं आणि शरीराचा शीण एकाच बाईत एकाच वेळी असू शकतात. डॉक्टरांकडे जाणं हा अविश्वास नव्हे.

आणि तुमचा मुलगा. तो 19 वर्षांचा आहे आणि शहराच्या बाजूने तुमच्याशी भांडतोय, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याला हे शहर आपलं वाटतं. त्याच्याशी वाद घालू नका, शास्त्रातले दाखलेही देऊ नका. त्याला एवढंच म्हणा, "तू म्हणालास त्यात खरं होतं. तुझं शहर मला दाखव." मग एका संध्याकाळी त्याच्याबरोबर बाहेर पडा. तो नेईल तिथे जा, तो ज्यांच्याशी ओळख करून देईल त्यांच्याशी बोला, त्यांची नावं नीट ऐकून घ्या. त्या संध्याकाळी उपदेशाचं अक्षर काढू नका. शुक्रवारी गटात बसाल तेव्हा त्याच नावांपासून प्रार्थना सुरू करा.

त्याने तुम्हाला सगळ्यात आधी कुठे नेलं, ते मला लिहून कळवा. मी वाट बघते.

तुमची,
ताई